सौ. शांताबाईंचं उत्तर राहून गेलं

विनया,

फोनवर तुझं नाव दिसलं आणि मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. म्हटलं, "आता काय विसरलीस? डोकं?"

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "आजी, ह्या बाई इथं स्टँडवर पडल्यात हो. फोन हातातच होता, त्यात 'घर' दिसलं म्हणून लावला. कोणीतरी या लवकर."

तुला उद्देशून मी बोललेलं ते शेवटचं वाक्य. आणि ते तू ऐकलंही नाहीस. पोलादपूरच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एका परक्या माणसाने ऐकलं. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

पुढचं सांगते, कारण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मी गॅस बंद केला. कुकरची शिटी बसेपर्यंत थांबले. मग आरशासमोर उभी राहून केस विंचरले. होय, केस विंचरले! सून एसटी स्टँडवर पडली आहे आणि ही बाई अंबाडा घालते आहे. मला वाटलं, चक्कर आली असेल. सकाळी नुसत्या चहावर निघाली होतीस. म्हटलं तिथे जाऊन तुला चार लोकांत रागवायचं तर आपण जरा नीटनेटकं दिसावं. रिक्षात बसून मी रागवायची वाक्यंसुद्धा जुळवली होती, चांगली जुळली होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. मी म्हटलं, "नाही हो, ती शिवणवर्गाला चालली होती." जसं काही शिवणवर्गाला निघालेल्या बाईच्या मेंदूला तसली परवानगीच नसते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या लेकाकडे, प्रशांतकडे पाहिलं, आणि पुढचं सगळं त्यालाच सांगितलं.

या गोष्टीला आता दुसरा आठवडा चालू आहे. सगळे म्हणतात, आजी सावरल्या. सावरलं काही नाही गं. मला अजून ते कळलेलंच नाही. गुरुवारी भाजीवालीला मी म्हणाले, "विनया आली की तिला विचारते, तोवर अर्धा किलोच दे." ती बिचारी भेंडी तोलायची थांबली. तिच्या तोंडाकडे बघून मला आठवलं.

असो. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं आहे, ते आधी घेते. आणि हे मी तुझ्याच ब्लॉगवर लिहिते आहे. टाइप रिया करते आहे. मी बोलते, ती लिहिते, मध्येच नाक पुसते आणि म्हणते, "आजी, हळू."

घरात सध्या एकच वाद आहे: तुझ्या ब्लॉगचं काय करायचं.

माती देऊन आल्यावर प्रशांत दोन दिवस काहीच बोलला नाही. या गावातला पाळक, दर रविवारी तासभर उपदेश करणारा माणूस, घरात पाणीसुद्धा खुणेने मागत होता. तिसऱ्या दिवशी बोलला तो एकच वाक्य बोलला. "आई, तो ब्लॉग बंद करून टाकायला हवा."

रिया आतून ओरडत आली. "पप्पा, त्याला हात लावायचा नाही! मम्मीचा आहे तो."

"म्हणूनच, बेटा."

"म्हणूनच काय म्हणूनच? तुम्ही वाचलाय तरी का कधी?"

प्रशांतने वाचला नव्हताच. तुमच्या दोघांतला तो करार घरात सगळ्यांना ठाऊक होता. तू त्याला म्हणाली होतीस, "तू वाचायला लागलास तर मी तुझ्यासाठी लिहायला लागेन, मग ते चर्चचं बुलेटिन होईल." त्याने शब्द पाळला. आणि आता त्याला भीती वाटते आहे. रिया शाळेत गेल्यावर मला हळूच विचारतो, "आई, त्यात मी कसा आहे?" मी तोंड उघडलं तर लगेच हात वर केला. "नको. नको सांगूस. तूच ठरव. तू म्हणशील तसं करू."

बघ म्हणजे! ब्लॉग बंद कर म्हणून इतकी वर्षं तुझ्या मागे लागलेली बाई मी. आणि निकाल माझ्याच हाती दिला. तू असतीस तर ओट्याला टेकून पोट धरून हसली असतीस.

हा ब्लॉग वाचणाऱ्या बायकांसाठी आधी मला थोडं मागचं सांगायला हवं. त्यांना अजून काहीच ठाऊक नाही. त्यांच्या कमेंटी येतच आहेत. मिरजेची विचारते, "ताई, बरं आहे ना?" जालन्याची विचारते, "मुलींच्या परीक्षा का?" आणि एक आगाऊ बाई लिहिते, "सासूबाईंनी डांबून ठेवलं की काय?" बायांनो, मीच ती सासूबाई.

मी या महाडात आले ती पाळकाची नवी बायको म्हणून. नगरकडची, इस्त्रीच्या साडीतली, नाक वर केलेली. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या या छोट्याशा चर्चमध्ये, उपासनेनंतर साक्ष द्यायची पद्धत. उभं राहायचं, आठवड्यात काय संकट आलं ते सांगायचं, आणि प्रभूने त्यातून कसं सोडवलं ते सांगून खाली बसायचं. शेवटी सगळ्यांनी हालेलूया म्हणायचं. साक्ष द्यावी तर मीच. आधी पदर सारखा करायचा, मग आवाज बारीक करायचा, मग डोळ्यांत पाणी. पाणी कुठल्या वाक्याला आणायचं हेसुद्धा ठरलेलं. एकदा मी सांगितलं की मी प्रार्थना केली म्हणून पोलादपूरची एसटी माझ्यासाठी डेपोत थांबून राहिली. बाया गहिवरल्या. ड्रायव्हर वडापाव खात होता, हा तपशील मी गाळला. पुढच्या वर्षी तीच साक्ष मी परत दिली, तेव्हा गाडीचं इंजिनच सुरू होत नव्हतं. अशी ही तुझी सासू. तरुणपणी देवाच्या वतीने बरंच काही रंगवून सांगितलं. देवाला त्याची गरज नव्हती, मला होती.

आणि माझी दुसरी खोड. कुणाची साक्ष अर्धवट राहिली तर मला ती सहन व्हायची नाही. एखादी बाई नुसतं संकट सांगून रडत खाली बसली की मी जागेवरून मोठ्याने तिचं उरलेलं वाक्य पुरं करायची. "पण प्रभू विश्वासू आहे!" झालं. हालेलूया. सगळे सुटले.

पुराच्या वर्षी तुझंही केलं. सावित्रीचं पाणी आपल्या घरात माळ्यापर्यंत आलं होतं. पाणी ओसरल्यावर तू गावभर चादरी आणि तांदूळ वाटत फिरत होतीस, आणि आपल्या स्वयंपाकघरात घोटाभर चिखल. नंतरच्या पहिल्या उपासनेत जो तो उभा राहून सांगत होता. कुणाचं कपाट वाचलं, कुणाची गाय पोहत आली. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "रियाची बालवाडीपासूनची सगळी चित्रं गेली. मी ती जपून ठेवली होती." आणि खाली बसलीस.

पेटीवाला माझ्याकडे बघतो आहे. मग मी नेहमीप्रमाणे जागेवरून म्हटलं, "पण प्रभूने जीव वाचवला! हालेलूया!"

घरी येऊन तू तडक स्वयंपाकघरातला चिखल उपसायला लागलीस. त्याच महिन्यात ब्लॉग सुरू केलास. नाव ठेवलंस 'ओट्याजवळून'. लिहायचीसही तिथेच, एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात फोन.

मला तो सापडला रियामुळे. ती हसत होती, मी विचारलं काय गं, तिने वाचून दाखवलं. तू लिहिलं होतंस, "आमच्या घरात उच्च न्यायालय आहे. ते सकाळी चहाबरोबर भरतं. अपील कुठेही करता येत नाही." मी चिडले. मग परत वाचायला सांगितलं. मग म्हटलं, अजून काय काय लिहिलंय हिने?

काय काय लिहिलं होतंस! नाताळच्या करंज्या लाटता लाटता कोठीत जाऊन रडलीस ते. एमआयडीसीतल्या कुटुंबांची प्रार्थनासभा कोण कुठल्या पाळीला आहे ते बघून ठरवावी लागते, आणि शेवटी सगळ्यांना जमते ती वेळ नेमकी धाकट्या जोईच्या झोपेची असते, ते. संडे स्कूलची पोरं रोपवेने गडावर नेलीस आणि खाली हिरकणीवाडीत ताक पिताना हिशेबात एक पोर कमी भरलं, आणि ते पोर म्हणजे आपलीच जोई निघाली, ते. त्यात शेवटी लिहिलं होतंस, "बाळासाठी कडा उतरणारी ती आई एकदाच उतरली. मी रोज संध्याकाळी उतरते, आणि खाली पोचल्यावर बाळ विचारतं, खायला काय आहे."

त्या दिवशी दुपारी ओट्याशीच आपलं पहिलं भांडण झालं.

"घरातलं जगाला कशाला सांगतेस?"

"जगाला नाही, आई. मंडळीत सांगता येत नाही म्हणून."

"मंडळीत काय सांगता येत नाही?"

"हेच. की सकाळी मी रियाच्या पाठीत धपाटा घातला आणि दुपारी आयांच्या सभेत मुलांना मायेने कसं वाढवावं यावर बोलले."

"मग प्रशांतला सांग."

"तो नवरा आहे."

"पाळकही आहे की!"

तू हातातली कोथिंबीर खाली ठेवलीस. "आई, सगळ्यांना पाळक असतो. पाळकाच्या बायकोला पाळक नसतो. तुम्हाला होता का?"

मी म्हटलं, "भात करपेल, तिकडे बघ."

मग मी काय केलं ते आता सगळ्यांसमोर सांगून टाकते. रियाला दोन कॅडबऱ्या देऊन मी स्वतःचं खातं उघडलं. नाव घेतलं सौ. शांताबाई, पोलादपूर. आणि तुझ्या पुढच्याच लेखाखाली लिहिलं, "ताई, लिहिता बरं, पण सासूबद्दल जरा जपून. म्हाताऱ्या माणसांना भावना असतात."

तासाभरात तुझं उत्तर. "शांताबाई, आभारी आहे. तुम्हालाही सून आहे का?"

"आहे. स्वभावाने बरी आहे. भातात पाणी जास्त घालते."

दुसऱ्या दिवशी भात फडफडीत! ताटात वाढलास आणि माझ्याकडे बघितलंसही नाहीस. मी पण नाही. रिया ताटाखाली तोंड घालून खिदळत होती आणि प्रशांत विचारत होता, काय झालं, कशाला हसताय.

तेव्हापासून चाललं ते चाललंच. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे, आणि दोघींपैकी एकीनेही कधी ते तोंडातून काढलं नाही. घरात तू मला "हो आई" म्हणायचीस. शांताबाईला मात्र सडेतोड सुनवायचीस. जेवताना तू म्हणायचीस, "आई, ती पोलादपूरची एक बाई आहे ना, फार खवचट आहे हो." मी म्हणायचे, "असेल कोणी अनुभवी बाई. ऐकत जा जरा तिचं." मला सांग, असली मजा मला उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी दिली?

पण सुमनच्या नवऱ्यावर लिहिलंस तेव्हा शांताबाईही खरी रागावली.

सुमन तुझ्या शिवणवर्गाची. पोलादपूरच्या वर डोंगरात तिची वाडी. तिथल्या निम्म्या घरांतली माणसं मुंबईत कामाला, तसा तिचा नवराही होता. आजारी पडून परत आला. ती आपल्या मंडळीतली नाही, तिचे देव वेगळे, पण तिने तुला विचारलं, "ताई, तुमच्या देवाला पन सांगून बगा की." तू सांगितलंस. दर आठवड्याला वर चढून जायचीस, त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायचीस. तो गेला. आणि तू लिहिलंस, "आम्ही मागितलं. तो गेला. मी भांडी घासून खाली आले." बस, तिथेच संपवलंस.

शांताबाईने लिहिलं, "ताई, हा काय शेवट झाला? लोकांना वाटेल प्रार्थना ऐकलीच नाही."

या वेळी तू ब्लॉगवर उत्तर दिलं नाहीस. सरळ माझ्या खोलीत आलीस, दार लोटलंस. नाव मात्र तेव्हाही घेतलं नाहीस.

"आई, कुणी म्हणालं शेवट लिही, तर मी काय लिहू?"

"देवाची योजना होती म्हणून लिही. त्यात चांगलं दडलेलं असतं म्हणून लिही."

"मला दिसलेलं नाही ते."

"पुढे दिसेल."

"मग पुढे लिहीन. दिसायच्या आधीच लिहिलं तर ती साक्ष कशाची?"

"अगं, पण वाचणारीला काय मिळालं?"

"माहीत नाही. जिचा नवरा गेलाय तिला एवढं मिळेल, की कुणीतरी तिथेच थांबलंय. पुढे पळालं नाही."

मी म्हटलं, "हे फार अवघड बोलतेस तू. विश्वास म्हणजे शेवट ठाऊक असणं." तू म्हणालीस, "शेवट ठाऊक असेल हो. पण मधलं?" तेवढ्यात जोई पडून रडायला लागली आणि तू धावलीस. ते भांडण तिथेच अडकून आहे. मला वाटत होतं, सावकाश जिंकू. माझ्यापेक्षा तुझ्याकडे जास्त वर्षं होती ना! हिशेब सरळ होता. मी आधी जाणार, तू माझ्यावर एक लेख लिहिणार, त्यात मला दोन टोमणे मारणार. मी तो लेख मनातल्या मनात वाचूनही ठेवला होता.

तू पडलीस त्याच्या आदल्या दुपारी तुझा नवा लेख आला. 'मी का लिहिते.' रियाने मोठ्याने वाचला. त्यात तू काही फार थोर बोलली नाहीस. लिहिलंस की सेवेतल्या बाईकडे लोक दुःख आणून ठेवतात, ते ठेवायला तिच्याकडेही एखादी फळी लागते. लिहिलंस की मुली मोठ्या झाल्यावर त्यांना आई आठवावी ती सभेत बोलणारी नको, ओट्याजवळची आठवावी, पीठ लागलेली, चिडलेली, देवाशी हुज्जत घालणारी. नाहीतर त्यांना वाटेल विश्वास म्हणजे इस्त्रीची साडी. (तो टोला कुणाला होता, कळला हो.) आणि अगदी खाली लिहिलंस, "शांताबाई, तुम्ही मला पहिल्या दिवसापासून विचारताय मी का लिहिते. आज सांगितलं. आता तुमची पाळी. माझं काही पटत नसताना तुम्ही का वाचता?"

रिया म्हणाली, "आजी, काय लिहू? सांग लवकर."

मी म्हटलं, "आज नको. बसू दे वाट बघत. उद्या संध्याकाळी असं उत्तर देते ना!"

उत्तर बित्तर काही तयार नव्हतं. नुसती मजा करत होते. सकाळी तू पिशवी खांद्याला अडकवून निघालीस, दारात थांबलीस, म्हणालीस, "आई, पोलादपूरला चाललेय. कुणाला काही निरोप?" आणि हसलीस. मी म्हटलं, "पोलादपूरला माझं कोण आहे?" तू म्हणालीस, "हो, तेही खरंच," आणि पायऱ्या उतरलीस. इतकं जवळ आलं होतं गं सांगायला.

परवा सांत्वनसभा झाली. चर्च भरून बाहेर अंगणात लोक. एमआयडीसीतली माणसं पाळी बदलून आली होती. वरच्या वाड्यांतल्या तुझ्या शिवणवर्गाच्या बाया जीप करून आल्या होत्या, चपला हातात घेऊन मागे भिंतीला चिकटून बसल्या होत्या. बाहेरून आलेले पाळक म्हणाले, "आता आई दोन शब्द साक्ष देतील."

मी उठले. पदर सारखा केला. सवय बघ! आवाज बारीक केला. म्हटलं, "माझी सून बुधवारी सकाळी घरातून गेली आणि परत आली नाही. पण प्रभूने..."

आणि तिथे थांबले.

पुढचं येईना. पन्नास वर्षांत हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. 'पण प्रभूने' म्हटलं की पुढचं जिभेवर आपोआप येतं, कुकरला वाफ यावी तसं. मी वाट बघत उभी राहिले. पण प्रभूने काय? तुला वाचवलं नाही. त्रास कमी दिला म्हणू? मला काय ठाऊक तुला किती झाला? पेटीवाल्याचा हात भात्यावर. प्रशांत खाली मान घालून. पुढच्या बाकावरच्या एका भल्या बाईला माझी दया आली, तिने जागेवरून, अगदी माझ्याच सुरात, वाक्य पुरं करायला सुरुवात केली, "पण प्रभू विश्वा..."

मागून आवाज आला. "तिला राहू द्या की वो!"

सुमन होती. सगळ्यांनी वळून बघितलं तशी ती गोरीमोरी झाली, पण बसली नाही. "आजी, नाय येत बोलाया तर नका बोलू. माजा मानूस गेला तवा ताई पन काय बोलली नाय. समद्यांनी समजावलान मला, असं हाय न् तसं हाय. ताईनं भांडी घासलीन आनि माज्याजवल बसली. बसा गो आजी तुमी."

मी बसले. वाक्य तिथेच सोडून बसले. कुणी हालेलूया म्हटलं नाही. आणि सुमन भिंतीपासून उठून, त्या सगळ्या गर्दीतून वाट काढत माझ्या बाकावर येऊन बसली. तिच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास होता. ते पाळक शहाणे होते, त्यांनीही घाई केली नाही. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की तू गेलीस. अगदी धाडकन कळलं. रिक्षात, दवाखान्यात, मातीच्या वेळी नव्हतं कळलं. वाक्य पुरं करायची घाई कुणी केली नाही, तेव्हा कळलं.

विश्वास गेला का माझा, असं विचारशील. नाही गं. सकाळी उठते, प्रार्थना करते. फक्त सध्या प्रार्थना म्हणजे, "हे काय केलंस?" एवढीच असते. रोज तेवढंच म्हणते आणि चहा ठेवते. तू म्हणायचीस ना, मधलं. मी आता त्यातच आहे, आणि तिथे तू आधीच काही काही लिहून ठेवलेलं आहेस. मी काल रियाकडून सुमनच्या नवऱ्यावरचं परत वाचून घेतलं. 'मी भांडी घासून खाली आले.' विनया, बरोबर शेवट आहे तो. शांताबाईचा शेरा मागे घेते.

तर तुझा प्रश्न. मी का वाचत होते?

घरात मला "हो आई" मिळायचं म्हणून. इस्त्रीची साडी नेसून मी स्वतःच ते कमावलं होतं. सगळे माझ्याशी सभेत बोलल्यासारखे बोलायचे, माझा मुलगासुद्धा. तू तेवढी तिथे, त्या फोनच्या काचेपलीकडे, माझ्याशी भांडायचीस. माझ्या वयाच्या बाईशी कुणी मनापासून भांडत नाही गं, सगळे जपतात. आणि मला होता का पाळक, असं तू विचारलं होतंस. नव्हता. म्हातारपणी मिळाला, आणि तो माझ्या भातात पाणी जास्त घालायचा. हे मी दारात सांगायला हवं होतं, तू निरोप विचारलास तेव्हा.

काल संध्याकाळी मी प्रशांतला म्हटलं, "मी काही ठरवणार नाही. आधी तू वाच. मग बंद करायचं तर कर."

"आई, माझ्याने होणार नाही."

"त्यात तू आहेस. उपदेश करून आल्यावर तासभर कुणाशी बोलत नाहीस, म्हणून ती तुझ्यापुढे काकडी कापून ठेवायची आणि निघून जायची, ते आहे. तिचं लग्न मंडळीशी झालं आणि तू त्यात नुसता करवला आहेस असंही एक आहे. ते वाचून तुला लागेल. लागू दे."

रियाने त्याला पहिला लेख काढून दिला. तो ओट्याजवळच खाली फरशीवर बसला, पाठ गॅसच्या सिलिंडरला टेकून. मी आणि मुली बाहेरच्या खोलीत. मग तो हसला. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग रडला बहुतेक, नळ सोडून. मग परत हसला, आणि आतून ओरडला, "आई, ही शांताबाई कोण आहे गं?" रियाने माझ्या मांडीवर डोकं घातलं. मी म्हटलं, "वाच, वाच. पुढे कळेल."

जेवायला उठला नाही. त्याचं ताट मी तिथेच फरशीवर नेऊन ठेवलं आणि बाहेर आले. मुली जेवल्या. मी ताट आणायला परत आत गेले तेव्हा तो तुझ्या शेवटच्या लेखाच्या खाली पोचला होता. फोनच्या काचेवर अंगठा वर सरकवत होता. अंगठा सरकायचा, पान तिथेच राहायचं. पुन्हा सरकवायचा. डोळे लाल, पण तोंडावर जरासं हसू होतं, वाचता वाचता असतं तसं.

"आई," तो मान वर न करता म्हणाला, "पुढचं कुठंय?"

मी त्याच्या शेजारी खाली बसले.